येऊन राह्यला

शाळेत आम्ही तीन काळ शिकवतो. मी स्वतः भूत, वर्तमान आणि भविष्य हे तिघे पोरांच्या डोक्यात कोंबत निवृत्त झालो. चौथा काळ मला निवृत्तीनंतर भेटला, जळगाव जामोदच्या बाजारात, ट्रॅक्टरच्या स्पेअर पार्टच्या काउंटरवर.

"भाऊ, माझा पार्ट?"

"येऊन राह्यला, सर."

या दोन शब्दांत पार्ट निघालेला असू शकतो किंवा निघायचा असू शकतो. कारखान्याने तो अजून ओतायलाही घेतलेला नसेल. किंवा परवाच येऊन दुसऱ्याच्या ट्रॅक्टरात बसला असेल. या सगळ्या शक्यता पोटात घेऊन क्रियापद शांतपणे चालत राहते. वऱ्हाडात या काळाचे कोणाला नवल वाटत नाही. खामगाव-जालना रेल्वे शंभरावर वर्षे येऊन राह्यली आहे. पूर्णेवरचा जिगाव प्रकल्प येऊन राह्यला आहे. त्या मानाने ऑइल सील लवकर येते.

काउंटरवरच्या त्या माणसाला सारे गिऱ्हाईक 'पार्टवाले भाऊ' म्हणते. असा एक भाऊ मलकापूरला आहे, चिखलीला आहे, मेहकरला तर समोरासमोर दोन आहेत आणि ते एकमेकांशी बोलत नाहीत. वय पन्नास ते साठ, कानामागे पेन, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. बूड टेकायला ऑइलचा उपडा डबा, त्यावर पोत्याची घडी. भाऊ त्यावरून उठत नाहीत. उठायला एक पोरगे ठेवलेले आहे, त्याच्या हातात आकडी लावलेली काठी असते. भाऊ मान न वळवता पत्ता सांगतात, "तिसरी लाइन, श्रीखंडाच्या डब्यामागं, चहाच्या डब्यात पाह्य." चहाच्या डब्यात कॉटर पिना असतात. श्रीखंडाच्या डब्यात सर्क्लिपा. छतापासून पट्टे लोंबतात, लग्नघरच्या तोरणासारखे. 2017 साली जीएसटी आला तेव्हा एक कॉम्प्युटरही घेतला होता. त्याला टेकून गजानन महाराजांचा फोटो ठेवला आहे. माल कुठे आहे ते भाऊंना ठाऊक आणि कॉम्प्युटर कशासाठी आहे ते महाराजांना.

गिऱ्हाईक येते ते पार्टचे नाव घेऊन नव्हे, वर्णन घेऊन. "भाऊ, ते गोल असते ना, मधात भोक, मांगून कट्‌कट् वाजते, ते द्या." या वर्णनात निम्मा ट्रॅक्टर बसतो. भाऊ डॉक्टरसारखे विचारतात, "गरम झाल्यावर वाजते का थंड असतानी? गिअर टाकला का थांबते?" दोन प्रश्नांत निदान होते. तरी ते देत नाहीत. "जुना आना." जुना आणल्याशिवाय नवा नाही, हा तिथला पहिला कायदा. मग तो काळाकुट्ट तुकडा भाऊ लुंगीच्या सोग्याने पुसतात, उजेडात धरतात आणि अंगठा आतून फिरवतात. त्या अंगठ्यापुढे व्हर्नियर कॅलिपर काय वाचेल!

बेअरिंगवर त्यांची विशेष भक्ती. मला एकदा त्यांनी त्यावर शिकवणीच दिली. "सर, हे पाहा 6205. शेवटच्या दोन आकड्याले पाचानं गुना. पाच पाचे पंचवीस. आतलं भोक पंचवीस मिलिमीटर. 6206 असलं तर तीस." स्वीडनचे घ्या, जपानचे घ्या, 6205 म्हणजे आत 25, बाहेर 52 आणि जाडी 15, ठरलेले. जगातल्या सगळ्या देशांचे एकमत झालेली वस्तू भाऊ गोणपाटावर ठेवतात आणि वर विचारतात, "कंपनीचं देऊ, कंपनीसारखं देऊ, का चालनारं देऊ?" किमती तीन, डबे दोन. 'कंपनीसारखं' आणि 'चालनारं' यांचा डबा एकच, हे मला त्या पोरग्याने सांगितले.

भाऊंचा भाचा पुण्याला एम.बी.ए. झाला. दिवाळीत आला आणि त्याने मामाच्या दुकानाचा अभ्यास केला. अ-ब-क विश्लेषण करा म्हणाला. महागडा थोडा माल 'अ', मधला 'ब', वायसर-बोल्ट 'क'. भाऊ म्हणाले, "आपलं हाये ना. रडनारा माल, झोपनारा माल, मेलेला माल." रडणारा म्हणजे जो नसला की गिऱ्हाईक काउंटरवर रडते. झोपणारा वर्षातून एकदा जागा होतो. मेलेला माल पोटमाळ्यावर असतो आणि भाऊ तो विकत नाहीत, कारण तो कधी उठून बसेल याचा नेम नाही. एच.एम.टी.चे ट्रॅक्टर पिंजोरच्या कारखान्यात 1971 पासून बनत होते. 2016 मध्ये सरकारने ते काम बंद करायचे ठरवले. भाऊंच्या पोटमाळ्यावर त्या जुन्या 2511 ची गॅस्केटे अजून खिळ्याला टांगलेली आहेत, आणि सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांतून वर्षाला दोन-तीन माणसे ती शोधत येतात. "कंपनी बंद झाली," भाऊ म्हणतात, "पन ट्रॅक्टराले कोनी सांगतलं नाई."

भाच्याने मग मोठे अस्त्र काढले. फोर्ड हॅरिस नावाच्या अमेरिकी माणसाने 1913 मध्ये एक सूत्र मांडले होते. वर्षाची मागणी, एका ऑर्डरचा खर्च आणि माल वर्षभर सांभाळायचा खर्च एवढे टाकून वर्गमूळ काढले की एका वेळी किती नग मागवायचे ते कळते. भाऊंनी कागद सरळ धरला, उलटा धरला.

"याच्यात पाऊस कुठी टाकाचा?"

भाचा म्हणाला, मागणी वर्षभर सारखी आहे असे सूत्र धरून चालते. भाऊंनी कागदाची घडी केली आणि डगडगणाऱ्या काउंटरच्या पायाखाली सारली. तेव्हापासून काउंटर डगडगत नाही, हे हॅरिससाहेबांच्या बाजूने नोंदवून ठेवतो.

भाऊंचे स्वतःचे मागणीशास्त्र भेंडवळला आहे. गाव याच तालुक्यातले. अक्षय्य तृतीयेला तिथे शेतात घटमांडणी होते. मधोमध खड्ड्यात ढेकळे, त्यावर घागर, घागरीवर पापड, करंजी, भजे, आणि भोवती अठरा धान्यांचे गोल. दुसऱ्या दिवशी पहाटे कोणता दाणा हलला, कोणते ढेकूळ भिजले ते पाहून पीकपाण्याचे भाकीत सांगतात. भाऊ दरवर्षी जातात. मला वाटे, श्रद्धा. एकदा विचारले तर म्हणाले, "सर, भाकीत खरं निंगो का खोटं, मले काय करनं हाये? मी तिथं लोकाइचे चेहरे पाह्यतो. कपाशी चांगली म्हनली आन् लोकाइच्या मनात भरली, का मी फवारनीपंपाचे वायसर भरतो. सोयाबीन म्हनली तर थ्रेशरचे पट्टे. पाऊस पडो नाई पडो, पेरनारा तर पेरते ना!" पाऊस किती पडेल याचा अंदाज हवामान खाते देते. लोक कशावर विश्वास ठेवतील याचा अंदाज देणारे खाते नाही. तेवढ्यावर भाऊंचे दुकान चालते, आणि हे मला त्या वर्गमुळापेक्षा पक्के वाटते.

आता माल येतो कसा ते ऐका. पंपाचे सामान कोईमतूर-राजकोटकडचे, ट्रॅक्टरचे दिल्लीच्या कश्मीरी गेटहून, बेअरिंग मुंबईच्या नागदेवी स्ट्रीटवरून. हजार-बाराशे किलोमीटर माल सुखरूप येतो आणि शेवटच्या शंभरात हरवतो. कारण जळगावे दोन. ट्रान्सपोर्टच्या हमालाला 'जळगाव' एवढेच वाचायची सवय, 'जामोद' वाचेपर्यंत खोका खानदेशात उतरलेला असतो. खोक्यावर भाऊ लाल पेनाने 'जामोद' लिहवून घेतात, पिनकोड 443 चा आहे, 425 चा नाही, हे फोनवर गाऊन सांगतात. तरी महिन्यातून एक तरी नग खानदेशात पाहुणचार घेऊन येतो. तिकडच्या कोणा पार्टवाल्याशी त्यांची यातूनच मैत्री झाली. वीस वर्षे ते एकमेकांचा माल चुकून फोडतात आणि फोनवर हसतात. भेट अजून नाही.

घाईचा माल ट्रॅव्हल्सच्या डिकीतून येतो आणि नांदुऱ्याला हायवेवर, 105 फुटी हनुमानाजवळ उतरतो. पहाटे तिथे कोणीतरी उभे राहावे लागते. भाऊंचे म्हणणे, एवढा उंच गोडाऊन-कीपर भारतात कोणाकडे नाही. समृद्धी महामार्ग झाल्यावर मी उत्साहाने म्हटले, आता नागपूरचा माल झटक्यात येईल. भाऊ म्हणाले, "येते ना. मेहकरलोक उडत येते. मेहकरपासून पायी."

इथवर मी त्यांच्याकडे गंमत म्हणून बसायचो. मग एकदा माझ्यावरच वेळ आली. आमचे शेत पूर्णेकाठी, खारपाण पट्ट्यात. तिथले विहिरीचे पाणी माणसाच्या किडन्या आणि मोटारीच्या सिली सारख्याच आवडीने खाते, म्हणून हरभरा ओलिताविना घ्यायचा, जमिनीतल्या ओलीवर. सोयाबीन निघाली की वाफसा असेतो रान तयार करून पेरायचे. चार दिवस चुकले की ओल खाली जाते आणि बियाणे तिच्या मागे जात नाही. नेमका त्याच चार दिवसांत माझ्या रोटाव्हेटरचा क्राउन-पिनियन गेला. दातच तुटले.

कंपनीला फोन लावला. आधी सनई वाजली, मग एका मुलीने माझी तक्रार त्यांच्यासाठी फार महत्त्वाची असल्याचे सांगितले, मग पुन्हा सनई. शेवटी कळले, पार्ट 'बॅक ऑर्डर'वर आहे, एकवीस कामाचे दिवस. मी विचारले, तुमचे कामाचे दिवस का आमचे? तिला ते कळले नाही. तिचा दोष नव्हता. तिच्या पडद्यावर नग शून्य दिसत होते, आणि वाफसा पडद्यावर दिसत नाही.

भाऊंनी तुटका पिनियन हातात घेतला. "एकलं नाई चालत सर. हे नवरा-बायको. संगं घासून निंघतात, संगंच बदलाचे." वही उघडली, दोन फोन केले, एकाला दटावले, एकाची उधारी आठवून दिली. "येऊन राह्यली जोडी."

माझा चौथ्या काळावर विश्वास नव्हता. पण दुसऱ्या दिवशी दुपारी जोडी आली. पोत्यात गुंडाळलेली, दात चकचकीत, आणि अंगाला ताजे ऑइल. नव्या पार्टला ऑइल नसते, ग्रीसचा हात असतो. हे मला भाऊंनीच शिकवलेले. मी त्यांच्याकडे पाहिले. ते कानामागचे पेन शोधत होते.

"सर, एक काम करा. त्या बाकड्यावर बाबा बसला हाये ना, पागोटेवाला, त्याच्या चहाचे पैसे द्या."

"कोण आहेत ते?"

"कायले इचारता? देऊन टाका."

मी दिले. बाबांनी कपाळाला हात लावला आणि पुन्हा भाऊंकडे पाहत बसले. त्या पाहण्यात एक वाट पाहणे होते, पण मला रान गाठायचे होते. हरभरा वेळेत पडला.

पुढल्या साली मृगाआधी रोटाव्हेटर ऑइल गळायला लागला म्हणून भाऊंच्या शेजारच्या मिस्त्रीकडे टाकला. काम दोन तासांचे, पण लग्नसराईत माझेच आठ दिवस गेले. नवव्या दिवशी गेलो तर गिअरबॉक्सचे झाकण उघडे आणि आत आभाळाचे प्रतिबिंब पडेल इतकी मोकळी जागा. मिस्त्रीने काउंटरकडे बोट केले.

"भाऊ, माझी जोडी?"

भाऊ काही शोधत नसतानाही कानामागचे पेन शोधू लागले. "येऊन राह्यली, सर. बसा ना."

मी बाकड्यावर बसलो. पोरग्याने न सांगता चहा आणून दिला. काउंटरशी एक अनोळखी तरुण उभा होता, पायजम्याला पिवळी माती, हातात गोणपाटाचे जड बोचके. तो घाईघाईने निघाला, दारातून परत फिरला, टपरीवाल्याच्या हातावर दहाची नोट ठेवली आणि माझ्याकडे बोट दाखवून म्हणाला, "गुरुजीच्या चहाचे."