नाकाला पक्वान्न, जिभेला उपास

भाचीने परदेशातून येताना चहाची डबी आणली. झाकणावर लिहिलंय, 'क्रेम ब्रुले ऊलाँग'. क्रेम ब्रुले म्हणजे दूध-अंड्याचं फ्रेंच गोड, वर साखर जाळून केलेला कुरकुरीत पापुद्रा. गोडधोड झाल्यावर तोंड साफ करायला प्यायचा तो चहा, आता तोच गोडाचं सोंग घेऊन दारात उभा.

डबी उघडली आणि घरभर जळक्या साखरेचा घमघमाट. आतून बायको ओरडली, "पाक लागला का हो?" सोबत सूचना : पाणी नव्वद अंश, तीन मिनिटं, उकळू नका, दूध नको, साखर नको. आपल्या चहातून एवढं वजा केलं की उरतं ते आधण.

पहिला घोट घेतला. नाक म्हणालं, पक्वान्न आलं. जीभ म्हणाली, कुठंय? गोडी कळते जिभेला, वास नाकाला. आणि पानांवर मारलेल्या इसेन्सात साखरेचा कणही नाही. पंगतीचा वास घेऊन मांडवाबाहेरूनच घरी परतावं, तसं झालं.

तैवानात जिन शुआन नावाचा ऊलाँग आहे. तिथल्या सरकारी चहा संशोधन केंद्राने १९८१ साली आणलेली ही जात, क्रमांक १२. तिच्या पानालाच दुधालोण्याचा मंद वास. ती तयार करणाऱ्या वू झेनडुओ यांनी तिला आपल्या आजीचं नाव दिलं, असं सांगतात. बाजारात 'मिल्क ऊलाँग' म्हणून मिळतो त्यातला बराचसा मात्र दुधाचा इसेन्स मारलेला. आजीचा वास कमी पडला, म्हणून नातवंडांनी तिच्या लुगड्यावर सेंट फवारला!

ऊलाँग करणं हे नाजूक काम. तोडलेली पानं कोमेजू द्यायची, हलवून हलवून त्यांच्या कडा मुद्दाम खरचटवायच्या, कडा तांबूस होत आल्या की कढईत तापवून हे तांबूस होणं तिथेच रोखायचं. हिरव्या चहाच्या पुढे, काळ्याच्या अलीकडे. सगळं कसब कुठे थांबायचं यात. त्यानंतर इसेन्सची बाटली घेऊन जो येतो, त्याला थांबणं ठाऊकच नसतं.

पानं टाकायला निघालो, तर भाची म्हणाली, "मामा, थांब. तीच पानं परत भिजव, चार-पाचदा निघतो हा."

दुसऱ्या पाण्याला सेंट निम्मा झाला. तिसऱ्याला जवळजवळ गेला. मिऱ्यांएवढ्या गोळ्या उलगडून देठासकट अख्खी पानं झाली होती. घोटात फुलाचा हलका वास, किंचित भाजका स्वाद, आणि गिळल्यावर घशाशी रेंगाळणारी गोडी, बिनसाखरेची. म्हणजे चहा होता तर आत!

डबी अजून अर्धी आहे. पहिलं पाणी मी सरळ मोरीत ओततो.