मास्तर आणि मातेरं

मराठीचा मास्तर निवृत्त झाला की हरिनाम सप्ताहाच्या पत्रिकेत मार्गदर्शक म्हणून त्याचं नाव यायला लागतं. गणिताचा मास्तर पतसंस्थेत जाऊन बसतो आणि काही वर्षांनी पतसंस्थेचा विषय निघाला की उठून जातो. इतिहासाच्या मास्तराला गावातली प्रत्येक पडकी भिंत निजामशाहीतली दिसते. विज्ञानाच्या मास्तराला मात्र कुणी काही विचारत नाही, म्हणून तो न विचारता सांगायला लागतो. गेवराईपासून अंबाजोगाईपर्यंत कुठल्याही एसटी स्टँडसमोरच्या हॉटेलात जा. पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं आणि चहाच्या गाळणीवर खिळलेली नजर असा एक गृहस्थ दिसला, तर तो हाच. गाव त्याला गाळणी मास्तर म्हणतं. तोंडावर अर्थात सर.

“अरे, पत्ती वर राहिली, चहा खाली आला. साखर कुठं गेली?” सर पोऱ्याला विचारतात.

“टाकलीय की सर. कमी हाय का?”

“कमी नाही रे. विरघळलीय. विरघळलेलं गाळणीला सापडत नाही.”

“मग वरून टाकू का आजून थोडी?”

सरांना मधुमेह आहे. तरी विज्ञानाखातर ते रोज हा चहा पितात.

उभ्या नोकरीत सरांनी जिल्हा परिषदेच्या शाळेत उष्णता शिकवली, प्रकाश शिकवला, पेशी फळ्यावर काढल्या; पण जीव जडला तो एकाच धड्यावर, मिश्रणातले घटक वेगळे करण्याच्या. कारण सरळ होतं. या धड्याला प्रयोगशाळा लागत नव्हती, आणि शाळेला ती नव्हतीच. चाळणी, सूप, धोतराचं फडकं, मीठ, वाळू, कापूर हे सगळं पोरांच्या घरून यायचं आणि कापूर सोडला तर सगळं परतही जायचं. चुंबक तेवढा सरांचा स्वतःचा, फुटक्या रेडिओच्या स्पीकरमधून काढलेला. तो कपाटात कुलपाखाली असे. तिजोरीच्या किल्लीपेक्षा त्या कपाटाची किल्ली जपली जाई, कारण तिजोरीत काही नसायचं.

सरांचा सिद्धान्त असा, की दोन पदार्थ एकमेकांत कितीही कालवले तरी एखाद्या तरी गुणात ते वेगळे असतात. वजनात, आकारात, विरघळण्यात, उकळण्यात, चुंबकाला दाद देण्यात. तो गुण हुडकला की काम झालं. कुणाचा स्वभाव न बदलता दोघं वेगळे. हे पटवण्यासाठी सात ग्रॅम लोखंडाचा कीस आणि चार ग्रॅम गंधकाची पूड कागदावर एकत्र केली जाई. चुंबक फिरवला की कीस काटे उभारून त्याला चिकटे आणि पिवळं गंधक कागदावर राही. मग तेच मिश्रण पुन्हा करून परीक्षानळीत तापवायचं. ते आतून लालबुंद होई, दिवा काढला तरी धुमसत राही, आणि निवल्यावर नळीत काळा गोळा उरे. त्याला चुंबक लावला तर तो ढिम्म. आता ते लोखंड नाही आणि गंधकही नाही, आयर्न सल्फाइड आहे. इथं सर चष्मा काढून म्हणत, “जोवर तापलेलं नाही, तोवर वेगळं करता येतं!” जिल्ह्यातल्या किती कंडक्टरांना, तलाठ्यांना आणि मुकादमांना हे वाक्य पाठ असेल देव जाणे. परीक्षेत त्यावर दोनच मार्कांचा प्रश्न यायचा.

निवृत्तीनंतर हे वाक्य घेऊन सर गावाच्या भानगडीत शिरले. पहिली केस कापराची. गल्लीतल्या एका घरात देवघरातल्या डबीतला कापूर आपोआप कमी व्हायला लागला आणि सासूचा संशय सुनेच्या माहेरकडं वळला. सर बोलावल्याशिवाय गेले. कापूर हा स्थायू न वितळता सरळ वायू होतो, याला संप्लवन म्हणतात, सबब सूनबाई निर्दोष आहेत, असा निकाल त्यांनी दारातच दिला.

“मला नका शिकवू सर,” सासूबाई म्हणाल्या. “म्हणून तर मी डबीत मिरे ठिवलेत.”

“मिऱ्यानं काही होत नाही आई, झाकण घट्ट पाहिजे.”

“माझ्या सासूपासून ठिवायलोत मिरे. तवा कापूर कमी होत नव्हता. सून आल्यापासून होतोय.”

सरांनी झाकण तपासलं. ते खरोखर ढिलं होतं. सुनेनं हळूच सांगितलं, की ही डबी तिच्याच रुखवतातली, जुनी पितळी डबी सासूबाईंनी लेकीला दिली. म्हणजे सरांचं विज्ञान बरोबर निघालं आणि खापर तरीही सुनेच्याच डबीवर फुटलं. सर पाणी न पिता निघाले.

दुसरी केस भावांच्या वाटणीची. जमीन झाली, घर झालं, घोडं अडलं विहिरीवर. सरांनी ओसरीवर बसून सुरुवात केली, की तुम्ही दोघं मिश्रण आहात, संयुग नाही, तेव्हा घाबरू नका. मिठाच्या पाण्यातलं नुसतं मीठ पाहिजे असेल तर पाणी उडवून लावा. पण मीठही पाहिजे आणि पाणीही पाहिजे म्हणाल, तर ऊर्ध्वपातन करावं लागतं. वाफ धरायची, थंड करायची, थेंब थेंब गोळा करायची. त्याला जळण लागतं आणि वेळ लागतो.

“म्हंजी कोर्टच ना सर?” धाकटा म्हणाला.

“कोर्ट कामून? अजून तापलेलं नाही तोवर...”

“सर,” थोरला उठत म्हणाला, “आमचं तापून धा वर्सं झाली.”

घरी वेगळीच तऱ्हा. सर ज्या धड्यावर निवृत्त झाले, तो बाई रोज चारला दारात बसून करतात. सूप किंचित पुढं कललेलं, मनगटाचा एक झटका, दाणे हातभर उडतात आणि निमूट सुपात परत येतात. फोलपटं मात्र पुढच्या कडेवरून अंगणात जातात. मग घोळणं. सूप तिरकं धरून हलवलं की ज्वारी पुढं सरकते आणि खडे मागं मागं राहतात, तिथं बाईंची दोन बोटं आधीच पोचलेली असतात. हे चालू असताना तोंडानं नणंदेशी फोन. हवेचा झोत, वस्तुमान, घर्षण हे शब्द त्यांनी आयुष्यात काढले नाहीत. एकदा त्यांनी सरांना तांदूळ निवडायला दिले. सरांनी नातवाला शेजारी बसवून हातानं वेचणं ही पद्धत केव्हा वापरावी, घटक डोळ्यांना वेगळे दिसत असतील तरच ती कशी सोयीची, हे इतकं सविस्तर सांगितलं, की रात्री पहिल्याच घासाला सरांची दाढ कचकली. “अहो, आधी खडा काढत जावा,” बाई म्हणाल्या, “नियम काय, पळून जात न्हाई.”

सरांचे खरे चांगले दिवस म्हणजे 2016 चा उन्हाळा. हे बोलणं बरं नाही, पण खरं आहे. केज तालुक्यातलं मांजरा धरण कोरडं पडलं होतं, त्यावर जगणाऱ्या लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी जात होतं, आणि आपल्याकडं टँकर येई त्यातून पाणी कमी आणि गाव जास्त उतरे. गढूळ घागरीत तुरटी किती फिरवायची, किती वेळ हलवायचं नाही, वरचं निवळ कसं अलगद ओतून घ्यायचं, हे विचारायला लोक आपणहून सरांकडं येत. सर सांगतही. पण मग त्यांना राहवायचं नाही. तुरटी ही शंभर टक्के भौतिक पद्धत नव्हे, तिच्यापासून पाण्यात ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइड होतं, त्याच्या गुठळ्यांना मातीचे कण चिकटून खाली बसतात, असा खुलासा सुरू झाला की बायका घागरी उचलून चालू लागत. तोवर पाणी बरंचसं निवळलेलं असे.

एका ठिकाणी मात्र सर गप्प होत. दसरा-दिवाळी झाली की ट्रक आणि ट्रॅक्टर लागत, ऊसतोडीच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्राकडं आणि कर्नाटकाकडं निघत, आणि आईबापांबरोबर पोरंही जात. काही हंगामी वसतिगृहात थांबत, काही आजीपाशी. हजेरीपटावर नावं तेवढीच, बाकांवर डोकी निम्मी. कोण राहिलं आणि कोण गेलं, हे कुठल्या गुणावरून ठरलं ते सरांना चांगलं माहीत होतं, पण ते त्यांनी फळ्यावर कधी लिहिलं नाही. उन्हाळ्याच्या तोंडाशी परतलेल्या एका पोराला त्यांनी उगाच विचारलं, की अपकेंद्री पद्धत म्हणजे काय रे, बुडाला ना तुझा धडा? पोरगं उभं राहिलं. “सर, कारखान्यात बगितलंय. जाळीचं मोठं भांडं असतंय. ते गरागरा फिरतंय. साखर आत जाळीला चिकटती आन काळी मळी जाळीतून भाईर. आधी साखर पिवळी दिसती, मग पाणी मारलं की पांढरी व्हती.” एवढं तर पुस्तकातही नव्हतं. सरांनी त्याला पैकीच्या पैकी दिले आणि तो तास लवकर सोडला.

परळीच्या राखेबद्दलही सर अर्धंच बोलतात. औष्णिक केंद्राच्या धुरातली राख विजेचा भार देऊन पट्ट्यांवर कशी ओढून घेतात इथपर्यंत रंगून सांगतात. ओढलेल्या राखेचं पुढं काय होतं, असं कुणी विचारलं की त्यांना घरचं काम आठवतं. परळीकडं बऱ्याच जणांना आठवतं.

सध्या सर सोयाबीनवर आहेत. 2024 च्या हंगामात हमीभाव होता क्विंटलला 4,892 रुपये आणि मोंढ्यात भाव चार हजारांच्या आसपास, तेव्हा खरेदी केंद्रापुढं रांगा लागल्या. आधी ओलावा 12 टक्क्यांच्या वर चालत नव्हता, मग नोव्हेंबरात ती मर्यादा 15 वर नेली. चाळणी मात्र चाळणीच राहिली. ग्रेडर माल चाळणीवर घेई, माती आणि काडीकचरा खाली पडे, आणि त्याबरोबर बारका दाणा आणि डाळही. दिवसभरात चाळण्यांखाली ढीग साचत. सर हे तासभर बघत उभे राहिले आणि मग त्यांनी मास्तरकीतला सगळ्यात सोपा प्रश्न विचारला.

“वरचं शेतकऱ्याचं. खालचं कुणाचं?”

“ते मातेरं हाय सर,” ग्रेडर म्हणाला.

“मातेरं हे मिश्रणच. त्यात निम्मी माती धरली तरी निम्मं सोयाबीन आहे. पुन्हा पाखडलं तर वेगळं होईल.”

“कोण पाखडणार?”

“ते सोडा. कुणाचं?”

दुसऱ्या दिवशी रांगेतला प्रत्येक जण मातेऱ्यासाठी एक रिकामं पोतं घेऊन आला. काट्यावरचं काम निम्म्यावर आलं. केंद्रवाल्यांनी तोड काढली, की सरांचा माल पहिला मोजून त्यांना घरी लावून द्यावं. पण सरांनी जमीन बटईनं दिलेली, त्यांच्याकडं माल कुठला? हे कळल्यावर त्यांचा बटईदार जागा झाला. तो सरांना रोज सकाळी मोटारसायकलवर बसवून केंद्रावर आणून सोडू लागला. मग बाकीचेही विचारू लागले, “सर, उद्या आमचा नंबर हाय, तेवढं चाळणीपशी उभं राहता का?”

निवृत्तीनंतर पहिल्यांदाच सरांच्या खिशातल्या डायरीत तारखा आणि गावं भरली. मोबदला काही नाही. अट एकच, चाळताना कणाच्या आकाराचा नियम शेवटपर्यंत ऐकून घ्यायचा. रांगेतल्या काही जणांनी त्यापेक्षा गाडी मोंढ्याकडं वळवली आणि व्यापाऱ्याला चार हजारानं माल घातला.