वाटाण्याच्या अक्षता

शास्त्रज्ञाचं वजन एका आकड्यात सांगण्याची सोय २००५ साली झाली. कॅलिफोर्नियातले भौतिकशास्त्रज्ञ होर्हे हिर्श यांनी सुचवलेल्या या आकड्याला एच-इंडेक्स म्हणतात. हिशेब वाण्याच्या वहीसारखा सरळ आहे. दहा शोधनिबंधांचा प्रत्येकी किमान दहा ठिकाणी संदर्भ दिला गेला, की इंडेक्स दहा. संदर्भ देणाऱ्यानं निबंध वाचलेला असावा, अशी अट नाही.

हे माप आनुवंशिकीचे जनक ग्रेगोर मेंडेल यांना लावलं की पंचाईत होते. ब्र्युनच्या मठातल्या बागेत त्यांनी १८५६ ते १८६३ या काळात वाटाण्याची सुमारे २८,००० रोपं तपासली आणि त्यातून निबंध काढला एक. दाण्याचा आकार, दाण्याचा रंग, फुलाचा रंग, शेंगेचा आकार, शेंगेचा रंग, फुलाची जागा, रोपाची उंची, असे सात गुण त्यांच्या हाताशी होते. आजच्या कोणत्याही होतकरू प्राध्यापकानं त्यातून सात निबंध पाडले असते. आठवा त्या सातांचा आढावा घेणारा, आणि नववा आढाव्यातल्या चुका दुरुस्त करणारा. मेंडेल यांनी सारा माल एकाच पोत्यात भरला आणि १८६६ साली गावच्याच निसर्ग-अभ्यास मंडळाच्या वार्षिक अंकात छापून टाकला.

त्याच्या ४० प्रती त्यांनी वेगळ्या काढून घेतल्या. एक म्युनिकच्या कार्ल नेगेली यांना गेली. नेगेली मोठे वनस्पतिशास्त्रज्ञ. त्यांनी पत्रं लिहिली, सल्ले दिले आणि हॉकवीड या रानफुलावरच्या प्रयोगांना प्रोत्साहन दिलं. हे फूल बहुधा परागाविनाच बी धरतं, त्यामुळे संकराचे नियम तिथे लागू पडेनात. त्यावर मेंडेल यांनी दुसरा निबंध लिहिला. एव्हाना, १८६८ साली, ते मठाधिपती झाले होते. पुढे सरकारशी कराचा वाद जुंपला आणि बाग मागे पडली. संशोधकाला प्रशासनात बढती देऊन संशोधन थांबवण्याची पद्धत तेव्हाही होती. १८८४ साली मेंडेल वारले. त्याच वर्षी नेगेलींचा आनुवंशिकतेवरचा जाडजूड ग्रंथ आला; त्यात मेंडेल यांचं नावही नाही. वाटाण्याच्या अक्षता म्हणतात त्या याच.

आनुवंशिकीतले निबंध दोन, म्हणजे एच-इंडेक्स जास्तीत जास्त दोन, मग जगानं कितीही डोक्यावर घेवो. जगानं घेतलं ते १९०० साली, ३४ वर्षांनी. नियतकालिकांचा इम्पॅक्ट फॅक्टर मात्र मागल्या दोन वर्षांतल्या लेखांचेच यंदाचे संदर्भ मोजतो. ब्र्युनच्या त्या अंकाला यातून काय मिळालं असतं, हे सांगायला गणिती लागत नाही. पुढे मेंडेल यांचे नियम शाळेच्या पुस्तकात गेले आणि मूळ निबंधाचा संदर्भ देण्याची गरजच संपली. आधी फारसं कुणाला ठाऊक नव्हतं म्हणून संदर्भ मोजके, नंतर सगळ्यांना ठाऊक म्हणून संदर्भ अनावश्यक.

गंमत अशी, की संदर्भ मोजण्याचा हा कारखाना आनुवंशिकीतच सुरू झाला. १९६०च्या दशकाच्या आरंभी यूजीन गारफील्ड यांनी सर्व विज्ञानाची संदर्भसूची करण्यापूर्वी चाचणी म्हणून आनुवंशिकीची सूची काढली. नोबेलविजेते आनुवंशिकीतज्ज्ञ जोशुआ लेडरबर्ग त्यांच्या पाठीशी होते. हेतू जुने निबंध सापडावेत हा होता. माणसं तोलण्याचा काटा तो नंतर झाला.

एकदा काटा आला की दांडी मारणं आलंच. उंटाच्या लग्नात गाढवं गातात, तसे मित्र मित्रांचे संदर्भ देतात. लेखकांची यादी लांबवता येते. माशीच्या गुणसूत्रावरच्या २०१५ सालच्या एका निबंधाला हजाराहून अधिक लेखक आहेत, बहुतेक पदवीचे विद्यार्थी. भारतात विद्यापीठ अनुदान आयोगानं २०१० साली प्राध्यापकांच्या बढतीला गुण जोडले आणि पैसे घेऊन छापणारी नियतकालिकं पावसाळी छत्र्यांसारखी उगवली. २०१८ साली आयोगानं स्वतःच्याच यादीतून ४,३०५ नियतकालिकं वगळली. त्यांत छापून बढती घेतलेले मात्र बढतीवरच राहिले.

लेखक माणूस असणंही बंधनकारक नाही. अमेरिकेतले भौतिकशास्त्रज्ञ जॅक हेदरिंग्टन यांनी १९७५ साली एकट्यानं लिहिलेल्या निबंधात सगळीकडे ‘आम्ही’ टंकलं होतं. एकट्या लेखकाचं ‘आम्ही’ नियतकालिकाला चालणार नव्हतं. पुन्हा टंकण्याऐवजी त्यांनी घरच्या सयामी मांजराला एफ. डी. सी. विलर्ड या नावानं सहलेखक केलं. १९८० साली त्या मांजराच्या एकट्याच्या नावावर फ्रेंचमध्येही लेख आला. एकूण प्रकाशनं दोन. आनुवंशिकीत मेंडेल यांचीही दोनच.