पंप बंद, तरी पिचकारी

2021 मध्ये राज्य सरकारने कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण मंजूर केलं, तेव्हापासून आमच्या साडूंच्या डोक्यात चाकांवरचं घर फिरत होतं. शेवटी त्यांनी जुनी टेम्पो ट्रॅव्हलर घेतली. आरटीओच्या फेऱ्या त्यांनी मारल्या, पाण्याची लाइन मी आखली. मी भौतिकशास्त्राचा निवृत्त प्राध्यापक. उभी नोकरी पास्कलचा नियम शिकवण्यात गेली, त्यामुळे प्लंबर बोलावणं मला कमीपणाचं वाटलं. टाकी, पुढे 12 व्होल्टचा पंप, पाणी मागे फिरू नये म्हणून नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, मग 10 लिटरचा गिझर. आकृतीला मीच मनातल्या मनात पैकीच्या पैकी गुण दिले.

पहिला मुक्काम गंगापूर धरणाच्या बॅकवॉटरकडे, गंगावऱ्ह्याला, ओळखीच्या एका बागायतदाराच्या द्राक्षबागेशेजारी. दिवस जानेवारीचे, निफाडचा पारा पेपरात पहिल्या पानावर येण्याचे. बागायतदाराच्या शेडमधून वायर ओढून गिझर लावला आणि सकाळी दात घासायला मी नळ उघडला.

सणकन पिचकारी आली. चष्मा, स्वेटर आणि साडूंच्या हातातला चहा, सगळं एका फटक्यात. पुढच्याच क्षणी धार मेली. पंप तर रात्री आवाज नको म्हणून बंद केलेला!

आम्हा नाशिकच्या फ्लॅटवाल्यांना प्रेशर नसण्याची तक्रार तोंडपाठ. गच्चीवरची टाकी नळापासून 10 मीटर उंच असेल तेव्हा कुठे एक किलो प्रेशर मिळतं. वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांनी तेवढ्याचीही आशा धरू नये. प्रेशर जास्त झालं तर काय करायचं, हे आमच्या सोसायटीच्या कुठल्याही मीटिंगमध्ये निघालेलं नव्हतं.

मी पंपावर संशय घेतला आणि तो उघडला. तो निर्दोष होता. परत जोडताना एक स्क्रू तेवढा उरला. मग पाइपात हवा अडकली असणार, असं ठरवून साडूंना बॉइलचा नियम समजावला (ते बँकेत होते, त्यांनी मान डोलावली) आणि सगळे नळ उघडायला लावले. पिचकारी थांबली. मी विजयी मुद्रेने गिझर पुन्हा चालू केला. तासाभराने मेहुणीने भांडी घासायला नळ सोडला आणि तिची किंकाळी बॅकवॉटरपर्यंत गेली असावी.

दरम्यान गिझरचा सेफ्टी व्हॉल्व्ह ठिबकत होता. तो मी निराळा, किरकोळ दोष ठरवला आणि एम-सील मळायला घेतलं.

तेवढ्यात बागायतदार आले. "सर, ते राहू द्या," म्हणाले, आणि ठिबकच्या फिल्टरवरचा प्रेशर गेज काढून आणला. मालकाचं आयुष्य एक-दीड किलोवर ठिबक चालवण्यात गेलेलं. गेज आमच्या लाइनला बसवला. पंप तीन किलोला कटऑफ झाला. गिझर लावला, पंप बंद ठेवला आणि आम्ही सगळे त्या काट्याकडे बघत बसलो. चार. पाच. सहा.

"पाणी फुगतंय, सर. घडात पाणी जास्त झालं की मणी तडकतो, तसा तुमचा पाइप तडकेल."

औष्णिक प्रसरण! दरवर्षी फळ्यावर काढायचो. 20 अंशांचं पाणी 60 अंशांवर गेलं की साधारण दीड टक्का वाढतं. 10 लिटरमागे दीडशे मिली, चहाचा एक मोठा कप. आमच्या घरच्या गिझरमधलं हे वाढीव पाणी मुकाट्याने गच्चीच्या टाकीकडे मागे सरकतं. इथे त्याची वाट मीच नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह लावून बंद केली होती. पाणी दाबलं जात नाही, म्हणून कपभर पाणी सगळ्या लाइनचा दाब चढवतं. आणि नळ उघडून कपभर पाणी गेलं की दाब पडतो. उरलेलं काम तो बिचारा सेफ्टी व्हॉल्व्ह करत होता, ज्याचा मी गळा आवळणार होतो.

दुसऱ्या दिवशी शहरातून छोटा प्रेशर टँक आणला. आत रबराचा पडदा असतो, एका बाजूला हवा, दुसऱ्या बाजूला पाणी. फुगलेलं पाणी तिथे मावतं. हा टँक नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह आणि गिझर यांच्या मध्ये बसवला. पाणी भरण्याआधी सायकलच्या पंपाने त्यात हवा भरली, पाण्याचा पंप ज्या दाबाला चालू होतो तेवढी. ही हवा साडूंनी मला भरू दिली नाही.

तुम्ही असली गाडी करणार असाल, तर गिझर, नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह आणि प्रेशर टँक यांचा हिशेब एकत्र करा. आणि गिझरचा सेफ्टी व्हॉल्व्ह ठिबकत असेल, तर कृपा करून त्याला एम-सील लावू नका; आधी गेज लावा.