सावकाश कळवतो

डिसेंबरात पहाटे साडेपाचला फोन वाजला की आमच्या घरात आधी ‘कोण गेलं?’ असं विचारतात. यंदा कोणी गेलं नव्हतं. न्यू जर्सीतल्या एडिसनला तेव्हा संध्याकाळचे सात वाजत होते, भाच्याच्या कॉलेजचा निकाल लागत होता, आणि तो सोहळा बघायला ताईने अख्खं माहेर व्हिडिओ कॉलवर उठवून बसवलं होतं. आईने कवळी लावली, चष्मा लावला, पेढ्यांचा पुडा मांडीवर घेतला. ज्यांना घेतात त्यांच्या पडद्यावर रंगीत कागदाचे कपटे उडतात, येलचा तर बुलडॉग गाणं म्हणतो, हे दाजींनी आदल्या दिवशीच सांगून ठेवलं होतं. भाच्याने बटण दाबलं. कपटे उडाले नाहीत. कुत्रं-मांजर कोणीही गायलं नाही.

‘‘डिफर्ड,’’ भाचा म्हणाला.

‘‘म्हणजे पास की नापास?’’ आई.

दाजींनी समजावलं. हो म्हटलेलं नाही, नाहीही म्हटलेलं नाही. अर्ज राखून ठेवलाय. आता बाकीच्या सगळ्यांच्या गठ्ठ्यात घालून पुन्हा वाचतील आणि मार्चअखेर सांगतील. आईने शांतपणे ऐकून घेतलं. तीन मुलींची लग्नं जमवलेली बाई ती. म्हणाली, ‘‘हां, म्हणजे ‘सावकाश कळवतो’ म्हणालेत.’’

एवढी नेमकी व्याख्या अमेरिकेतल्या एकाही समुपदेशकाने केली नसेल, आणि ते तर तासाचे पैसे घेतात. आपल्याकडची मंडळी पोहे खायची, चहा प्यायची, मुलीला ‘गाता येतं का’ विचारायची, पत्रिकेची घडी खिशात घालायची आणि जिन्यात चपला घालता घालता म्हणायची, ‘कळवतो.’ अमेरिकी कॉलेज ऐंशीएक डॉलर अर्जाची फी घेतं, तीन-चार निबंध लिहून घेतं, मास्तरांची शिफारसपत्रं घेतं आणि तेच म्हणतं. पोहे परत मिळत नसत, फीही मिळत नाही. फरक इतकाच की आपल्याकडे पुढे मंगळावर ढकलून सुटता यायचं. कॉलेजांना अजून मंगळ सापडलेला नाही.

आणि या लग्नात शपथ घ्यायची ती मुलाकडच्यांनीच. ‘अर्ली डिसिजन’चा अर्ज साधारण 1 नोव्हेंबरपर्यंत भरायचा, तो एकाच कॉलेजला. त्यावर सह्या तीन: मुलाची, पालकाची आणि शाळेतल्या समुपदेशकाची. घेतलंत तर तुमच्याकडेच येईन, बाकीचे सगळे अर्ज मागे घेईन. पुरेशी आर्थिक मदत मिळाली नाही, एवढीच काय ती सुटकेची वाट. बऱ्याच नामांकित खासगी कॉलेजांचा राहण्या-जेवणासकट वर्षाचा खर्च आता 90 हजार डॉलरच्या वर गेलाय. दाजींनी पुण्यात असताना स्कूटर घेण्यापूर्वी तीन दुकानांत भाव विचारला होता आणि चौथ्या दुकानातून घेतली होती. इथे पहिल्याच दुकानात सही करून मोकळे.

करतात, कारण फायदा असतो. ‘द अर्ली अ‍ॅडमिशन्स गेम’ या 2003 सालच्या पुस्तकाने हिशेब मांडला होता की, लवकर अर्ज करणं म्हणजे एसएटी या प्रवेशपरीक्षेत शंभरेक गुण जास्त मिळवल्यासारखं. कॉलेजचाही फायदाच. किती पानं मांडायची ते डिसेंबरातच कळतं. यात घासाघीस करणारा गरीब मागे पडतो, हे कॉलेजांना कळत नाही असं नाही. हार्वर्ड आणि प्रिन्स्टन यांनी 2006 मध्ये त्याच कारणाने लवकरची पंगत बंद केल्याचं जाहीर केलं. शेजारच्या पंगती चालूच राहिल्या. 2011 मध्ये दोघांनी उपास सोडला.

हार्वर्ड शपथ घ्यायला लावत नाही, फक्त त्या काळात दुसऱ्या खासगी कॉलेजाकडे लवकरचा अर्ज घेऊन जायचं नाही. तिथला 2020 च्या डिसेंबरातला आकडा मी वहीत लिहून ठेवलाय. अर्ज 10,086. घेतले 747. सरळ नकार 924. आणि ‘कळवतो’ किती? 8,023. म्हणजे शंभरातल्या जवळजवळ ऐंशी घरांत त्या संध्याकाळी पेढ्याचा पुडा मांडीवरच राहिला असणार. नकाराचं एक बरं असतं, माणूस रडतो, जेवतो आणि दुसरीकडे बघायला लागतो. इथे रडायचीही सोय नाही.

रडायचं नाही तर काय करायचं? पत्र लिहायचं. त्याला ‘लेटर ऑफ कन्टिन्यूड इंटरेस्ट’ म्हणतात. ओढ दिसली पाहिजे पण लाळ गळता कामा नये, नवं यश सांगायचं पण फुशारकी नको, आणि सगळं एका पानात. ताईने तीन खर्डे केले. तिसऱ्यात नोव्हेंबरानंतरचं नवं यश म्हणून भाच्याने थँक्सगिव्हिंगला बेघरांच्या अन्नछत्रात सूप वाढल्याचं आलं. भाचा म्हणाला, मी वाढलं नाही, मी प्यायलो. ते वाक्य काढलं. शाळेकडून सहामाहीचे गुण वेगळे जातील. तेवढ्यासाठी ज्याला केमिस्ट्री आवडत नाही असा मुलगा नाताळात केमिस्ट्री करतोय.

एक मात्र आहे. ‘डिफर्ड’ झालं की शपथ सुटते. मग जानेवारीच्या सुरुवातीला काही कॉलेजं दुसरी संधी देतात, ‘अर्ली डिसिजन टू’. त्यातही लिहून द्यायचं की तुम्हीच माझी पहिली पसंती. म्हणजे ही दुसरी पहिली पसंती. दाजींनी पुन्हा सही केली. हात मुळीच थरथरला नाही.

पेढे आईने फ्रीजरमध्ये ठेवलेत. तर वाचकहो, आमच्या ताईला ओळखत असाल आणि मार्चअखेरपर्यंत तिला फोन करणार असाल, तर मेहेरबानी करून फक्त हवामानाबद्दल बोला. एडिसनला बर्फ पडतोय.