पाकाला तार येईना

संक्रांतीच्या आदल्या आठवड्यात आमच्या शहापूरच्या घरी तीन पिढ्या एका कढईभोवती उभ्या होत्या आणि कढईतला पाक कुणालाच दाद देत नव्हता. आत्या वाटीत गार पाणी घेऊन बसली होती. पाकाचा थेंब पाण्यात सोडायचा, बोटांनी त्याची गोळी वळायची, ती वाटीच्या काठावर आपटायची. ‘टण्ण’ झालं की तीळ ओतायचे. साठ वर्षं तिचं हेच यंत्र आहे आणि ते आजवर बिघडलेलं नाही. त्या दिवशी मात्र थेंब पाण्यात पडला आणि दिसेनासा झाला. आत्याने वाटीत पाहिलं, कढईत पाहिलं, मग वहिनीकडे पाहिलं.

“गेला कुठं गं?”

वहिनी मोबाईलमध्ये पाहत म्हणाली, “आत्या, हा लो-कार्ब पाक आहे.”

“कनचा लोकारभार?”

“लोकारभार नाही हो, लो-कार्ब!”

आत्या किन्हवलीची. लोकांचा कारभार तिने भरपूर पाहिलेला आहे, त्यामुळे दिसेनाशा होणाऱ्या वस्तूंशी त्या शब्दाचा संबंध तिने लगेच जोडला. त्यात तिची चूक म्हणता येत नाही.

ही वेळ आली ती दादामुळे. दादाने आरोग्य शिबिरात फुकट आहे म्हणून रक्त दिलं आणि एचबीएवनसी नावाचा आकडा आला ७.४. साडेसहाच्या वर मधुमेह. हा आकडा म्हणजे मागच्या तीन महिन्यांचं प्रगतिपुस्तक असतं, आदल्या रात्री उपास करून ते सुधारत नाही. दादाने तरी करून पाहिला होता. देशात दहा कोटींहून जास्त माणसांना मधुमेह आहे, असं आयसीएमआरच्या पाहणीत निघालं आणि २०२३ मध्ये छापून आलं, तेव्हा दादानेच ती बातमी आम्हाला मोठ्याने वाचून दाखवली होती. वाचताना हातात बर्फी होती.

तसा आमच्या घराला आहारशास्त्राचा जुना नाद. मध्यंतरी घरात दीक्षित आणि दिवेकर असे दोन पक्षच होते. एक पक्ष दिवसातून दोनदाच आणि पंचावन्न मिनिटांत जेवणारा, दुसरा घरचं, हंगामातलं, तुपासकट आणि थोडं थोडं खाणारा. दादाने युतीचं सरकार आणलं. तूप दिवेकरांचं घेतलं आणि मिनिटं दीक्षितांची. पंचावन्न मिनिटं, सलग.

तर त्या वर्षी वहिनीने जाहीर केलं की संक्रांतीला घरात गूळ येणार नाही. तीळ चालतील, शेंगदाणे चालतील, गोडी मात्र एरिथ्रिटॉलची. वहिनी डोंबिवलीची. तिथे हे नाव वाण्याकडे उच्चारलं तर वाणी निदान दचकत नाही. शहापूरच्या बाजारात मी चिठ्ठी पुढे केली, तर दुकानदाराने ती दोनदा वाचली आणि म्हणाला, “फवारणीचं औषध पलीकडच्या दुकानात.” ऑनलाइन मागवायला गेलो. पिनकोड ४२१६०१ टाकल्यावर पडद्यावर उत्तर आलं की तुमच्या भागात हे उपलब्ध नाही. आमच्या भागात काय काय उपलब्ध नाही याची यादी मोठी आहे, तीत आणखी एकाची भर. शेवटी मी आसनगावहून लोकल पकडून कल्याणला गेलो आणि अर्धा किलोची पिशवी छातीशी धरून परत आलो. साखरेच्या दहापटीहून जास्त भाव. येताना डब्यात मला पहिल्यांदाच वाटलं की कुणीतरी खिसा कापेल.

आता या पदार्थाविषयी दोन खरे शब्द, कारण वहिनीची यात फार चूक नव्हती. एरिथ्रिटॉल शरीरात जातं आणि बरंचसं जसंच्या तसं लघवीवाटे बाहेर पडतं. रक्तातली साखर त्याने वाढत नाही. गोडी साखरेच्या साठ-सत्तर टक्के. इथवर सगळं झकास. पण पाक करणं हा निव्वळ गोडीचा मामला नाही. साखर पाण्यात उकळली की आधी चिकट होते, मग एकतारी, दोनतारी, मग गोळीबंद. गुळाचंही तसंच, आणि म्हणून तर चिक्कीचा गूळ वेगळा मिळतो. एरिथ्रिटॉलला हे टप्पेच माहीत नाहीत. ते उकळत असताना पाण्यासारखं पातळ, आणि आच उतरली की एकदम पांढरी खडी. मध्ये काही नाही. तांबूस व्हायचं नावच घेत नाही. ताटलीत थापलेल्या आमच्या वड्या अर्ध्या तासात अशा दिसू लागल्या की जणू तिळांवर चुन्याचा हात मारलाय.

आत्याने एक तुकडा तोंडात टाकला आणि डोळे मोठे केले. जीभ गार पडते. हा त्याचा गुणच आहे, विरघळताना तोंडातली उष्णता ओढून घेतं. “पेपरमिटासारखं लागतंय,” ती म्हणाली. मला आमच्या तालुक्याची आठवण झाली. तानसा, वैतरणा, भातसा, तिन्ही धरणांचं पाणी मुंबईला जातं, आणि चैत्र लागला की आमचे पाडे टँकरची वाट बघतात. पाणी त्यांना, गारवा तेवढा आमच्या तोंडात. तोही कल्याणहून आणलेला.

पण खरी गंमत त्या दिवशी दुपारच्या जेवणाला झाली. वड्यांच्या कारखान्यात दमून सगळे पानावर बसले. दादाच्या ताटात वहिनीने भात वाढला. मग आमटी घालायला म्हणून थोडा. मग आमटी उरली म्हणून थोडा. मग ताकाला म्हणून. आमच्याकडे चिखलणी, आवणी, कापणी, सगळं आयुष्य भाताभोवती फिरतं. भात नाही खाल्ला तर माणूस ‘जेवलो’ म्हणत नाही, ‘काहीतरी खाल्लं’ म्हणतो. दादाने चौथ्यांदा भात घेतला आणि त्यावर बोट दाखवून म्हणाला, “गोड मात्र मी पूर्ण बंद केलंय हं.”

मी तिथेच हिशेब मांडला. शंभर ग्रॅम तांदळात कार्ब, म्हणजे पिष्ट, अठ्ठ्याहत्तर ग्रॅमच्या आसपास. दादाच्या एका जेवणात तेवढे तांदूळ सहज जातात, आणि जेवणं दोन. त्याच्या पोटात गेल्यावर त्या पिष्टाची साखरच होते, वाटेत शहापूर पंचायत समितीची परवानगी लागत नाही. आता आत्याचा लाडू घ्या. वीस ग्रॅमचा, निम्मे तीळ, निम्मा गूळ. तिळात पिष्ट तेवीस टक्के, त्यातला निम्मा चोथा, बाकी बरंचसं तेल आणि प्रथिनं. गुळात मात्र शंभराला ऐंशीहून जास्त साखर, गुळाची बाजू मी घेणार नाही. तरी सगळं धरून लाडवाचा आकडा दहा-अकरा ग्रॅमवर थांबतो. म्हणजे दादाच्या एका जेवणातला भात मोडून आत्याचे सात लाडू होतात. आणि संक्रांतीला कोण कुणाला सात लाडू देतं? हातावर एक टेकवतात. हलवा असेल तर चार दाणे, त्यांचं वजन करायला सोनाराचा काटा लागेल.

आम्ही चोर सोडून दिला आणि दारात बसलेल्या साक्षीदाराला बेड्या घातल्या, असं मी म्हणालो. दादा म्हणाला, “भात हे अन्न आहे.” आमटी संपली होती, म्हणून वाद तिथेच मिटला.

असल्या समजुतींना पाठबळ मिळतं ते बाजारातून. मुरबाडला एका प्रदर्शनात एक फलक वाचला. ‘शंभर टक्के शुगर फ्री लाडू.’ खाली बारीक अक्षरांत घटक : नाचणी, गूळ, खजूर, तूप. विकणाऱ्या ताईंना विचारलं, ताई, गूळ म्हणजे साखरच की. त्या इतक्या शांतपणे म्हणाल्या, “साखर नाही दादा, गूळ आहे,” की मला माझ्याच शाळेविषयी शंका आली. ताईंचा दोष नाही. त्यांना प्रशिक्षणात तसंच सांगितलेलं. नाचणीचंही असंच. आमच्या वरकस जमिनीवर ठाकूर-कातकऱ्यांनी आणि कुणब्यांनी पिढ्यान् पिढ्या नाचणी, वरई, तीळ, खुरासणी पिकवली, तेव्हा नाचणीची भाकरी ही डब्यातून लपवून न्यायची गोष्ट होती. २०२३ हे भरड धान्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष झालं आणि तीच नाचणी गुलाबी खोक्यात बसून ‘डायबेटिक फ्रेंडली’ झाली. कॅल्शियम भरपूर, चोथा चांगला, सगळं मान्य. पण पिष्ट शंभराला सत्तरच्या आसपास, म्हणजे ती तांदळाची सख्खी चुलत बहीण. खोक्यावर हे छापलं तर खोकं विकलं जाणार नाही.

भाच्याची कथा थोडक्यात सांगतो, कारण ती जेवताना सांगण्याजोगी नाही. वहिनीने पाहुण्यांसाठी ‘नो अॅडेड शुगर’ गोळ्यांचं पाकीट आणून ठेवलं होतं. त्याने ते एका बैठकीत संपवलं. मागच्या बाजूला मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत लिहिलेलं होतं की पॉलिऑल्समुळे जुलाब होऊ शकतात. ही सूचना छापणं कायद्याने बंधनकारक आहे, वाचणं नाही. मुलगा रात्रभर मागच्या दारी. सकाळी आत्याने त्याला ताक-भात दिला. पुन्हा भातच.

२०२५ सालची पौष पौर्णिमा १३ जानेवारीला आली, भोगीच्या दिवशी, आणि दुसऱ्या दिवशी संक्रांत. पौष पौर्णिमा म्हणजे आमच्याकडे म्हशाची यात्रा, मुरबाड तालुक्यात खांबलिंगेश्वराची. बैलबाजार, घोंगड्या, भांडी आणि तिथली ती हातोडी मिठाई. ही मिठाई दगडासारखी, हातोडीने फोडून देतात. संक्रांत उरकल्यावर आम्ही सहकुटुंब गेलो. धुळीतून, बैलांच्या शिंगांतून, एकमेकांना हाका मारत मिठाईच्या दुकानापर्यंत पोचलो. वहिनीने सभ्यपणे विचारलं, “यात साखर कमी असलेलं काही आहे का?” दुकानदाराने हातोडी खाली ठेवली. तिच्याकडे पाहिलं, आमच्याकडे पाहिलं, मग समजूत घातल्यासारखा म्हणाला, “कमी पाहिजे तर पावशेर घ्या. अर्धा किलो कशाला घेता?”

माझ्या वाचनात आहारविषयक जेवढे लेख आले, त्यांत याहून नेमका सल्ला मला सापडलेला नाही. त्याने पैसेही घेतले नाहीत. मिठाईचे घेतले.

दादाने तिथे पावशेर घेतली. मग घरच्यांसाठी म्हणून आणखी अर्धा किलो. घरचे सगळे तिथेच उभे होते.

एक प्रकरण राहिलंच. पुतणीचं लग्न मार्गशीर्षात झालं, त्यामुळे पहिली संक्रांत, काळी साडी, हलव्याचे दागिने. वहिनीच्या मनात आलं की हलवाही एरिथ्रिटॉलचाच करावा. हलवा कसा होतो ते ज्यांनी पाहिलंय त्यांना हसू येईल. मंद शेगडीवर परात, परातीत तीळ, वर चमच्या-चमच्याने साखरेचा पाक, आणि हाताने सारखं हलवत राहायचं. थर बसतात, थंडी असेल तर त्यावर काटा फुटतो. दोन-चार दिवसांचं काम, बोटांची कातडी निबर होते. आत्याने तीन दिवस प्रयत्न केला. काट्याऐवजी पांढरी भुकटी झाली आणि ती परातीतून उडून तिच्या अंबाड्यावर बसली. “नवरीचा नेकलेस माझ्याच डोक्यावर,” म्हणाली. शेवटी दागिने ठाण्याहून आणले, साखरेचेच. तसंही ते कुणी खात नाही. नवरी दोन तास घालते, चारशे फोटो निघतात, मग ते कपाटावर जातात आणि उन्हाळ्यात मुंग्या नेतात.

मुंग्यांवरून आठवलं. वहिनीच्या लो-कार्ब वड्यांचा डबा संक्रांतीपासून फळीवर उघडा आहे. शेजारी गुळाच्या डब्याखाली पाण्याची ताटली ठेवावी लागते, इतकी मुंग्यांची रांग. या डब्याकडे एक मुंगी वळलेली नाही. आत्या येता-जाता डबा उघडते, आत डोकावते आणि म्हणते, “त्येंचं पण रगत तपासलं काय कुनी?”

दादाचा पुढचा अहवाल आला, ७.२. वहिनी म्हणते, वड्यांमुळे. पण त्या तीन महिन्यांत दादाने वडी एकच खाल्ली, आणि त्याच काळात आत्याने त्याचं मोठं ताट लपवून त्याला पोराची थाळी द्यायला सुरुवात केली होती. त्यात भात तिसऱ्यांदा मावत नाही. थाळीचा उल्लेख घरात कुणी करत नाही.

एरिथ्रिटॉल अजून पाव किलो शिल्लक आहे, पिशवी घट्ट बांधून ठेवली आहे. वाचकांपैकी कुणाला हवं असेल तर शहापूरला येऊन फुकट घेऊन जावं. वैशाख-ज्येष्ठात येणार असाल, तर येताना प्यायचं पाणी तेवढं सोबत आणा.