आतली गाडी शेवटी

कोल्हापूरच्या एसटी स्टँडवर मी एकतीस वर्षं गाड्या लावल्या आणि सोडल्या. निवृत्तीनंतर तेच काम पुन्हा हातात येईल, तेही अमेरिकेत, असं स्वप्नात आलं नव्हतं.

२०२३ च्या ऑगस्टअखेर आम्ही दोघं लेकीकडं अॅन आर्बरला गेलो. घर मिशिगन विद्यापीठाच्या फुटबॉल स्टेडियमपासून चालत सात मिनिटांवर. पहिल्याच शनिवारी सकाळी जावयांनी पुठ्ठ्यावर ‘२० डॉलर’ असं लिहून तो माझ्या हातात दिला. सामन्याच्या दिवशी तिथं घरोघरच्या हिरवळीचं वाहनतळ होतं. "आपल्याकडं आठ गाड्या मावतात, बाबा," ते म्हणाले. मी अकरा बसवल्या.

स्टेडियम १९२७ सालचं. जागा १ लाख ७ हजार ६०१, आणि गावाची वस्ती सव्वा लाखाच्या आतबाहेर! बाहेरून मात्र एवढं वाटत नाही, कारण बरंचसं जमिनीत खोल आहे. लेकीनं एकदा सामना नसताना फाटकातून दाखवलं, तर मैदान एकदम पायाखाली. कोल्हापूरला खासबागेत वरून कुस्तीचा आखाडा दिसतो, तसं.

खेळाविषयी मी बोलत नाही. आमच्या शाहू स्टेडियमवर शिवाजी पेठ विरुद्ध मंगळवार पेठ अशा फुटबॉलच्या आरडाओरड्यात वाढलेला माणूस मी. चेंडू काखोटीला मारून पळायचं आणि त्याला फुटबॉल म्हणायचं, हे पचायला जरा जडच.

घरचे सामने सात. मी एकही पाहिला नाही, सगळे ऐकले. लाखभर लोकांचा गलका पत्र्यावर वळीव आल्यासारखा यायचा. कुठला आवाज गुणाचा आणि कुठला पंचाच्या नावानं, हे ऑक्टोबरपर्यंत मला बिनचूक ओळखता यायला लागलं. इंडियानाला ५२-७ असं धुतलं, त्या दिवशी लोकांचा ओरडण्यातलाही रस गेला आणि ते निम्म्यातच गाड्या मागायला आले. अकराच्या दाटीतून मधलीच गाडी काढणं म्हणजे काय, हे डेपोतल्यालाच कळेल.

संघाचे तेव्हाचे प्रशिक्षक जिम हार्बॉ. नेहमीच्या बारा सामन्यांपैकी पहिले तीन आणि शेवटचे तीन त्यांना मैदानावर यायची बंदी होती. आधी नव्या पोरांच्या भरतीची भानगड, नंतर संघातल्या कुणी समोरच्यांच्या खुणा चोरल्याची. म्हणजे निम्मा हंगाम तेही माझ्यासारखे बाहेरच. मला त्यांच्याविषयी उगाच आपुलकी वाटायला लागली. पुढं जानेवारीत पंधराच्या पंधरा सामने जिंकून संघ देशात पहिला आला. ते आम्ही टीव्हीवर पाहिलं, पण त्यात मजा नाही. टीव्हीला गाड्या लावाव्या लागत नाहीत.

ओहायो स्टेटचा सामना २५ नोव्हेंबरला होता. त्या आठवड्यात तिकडं त्यांच्या कोलंबसला विद्यापीठातल्या पाट्यांवरच्या ‘एम’ अक्षरावर लाल पट्टी मारतात. वैऱ्याचं आद्याक्षरसुद्धा नजरेला नको! हे मात्र मला थेट पेठेतलं वाटलं.

त्या दिवशी दर साठ. सकाळी सातलाच लाल टोपीतला एक सत्तरीचा गृहस्थ आला. ओहायोची नंबरप्लेट. मी त्याला अगदी आत, गॅरेजला टेकून लावला. पुढं दहा निळ्या टोप्या.

दुपार कलताना जो आवाज उठला, त्याचा अर्थ विचारायची गरज नव्हती. ३०-२४. लाल टोपी सगळ्यांच्या आधी परत आली आणि गाडीत बसून राहिली. पुढच्या दहा गाड्यांचे मालक कुठं तरी नाचत होते. तासभर झाला. थंडी अशी, की नाक जागेवर आहे का ते चाचपावं लागे. शेवटी हिनं आल्याचा चहा पाठवला. त्यानं कप दोन्ही हातांत धरला, आधी हात शेकले, मग प्यायला.

"पुढच्या वर्षी सामना आमच्या गावात," तो म्हणाला. "माझ्याही घरापुढं हिरवळ आहे. या."

"दर काय?" मी विचारलं.

सामना संपल्यापासून तो पहिल्यांदा हसला. "तुम्हाला फुकट. पण गाडी आत लावीन."